सूचना आणि माहिती : कोविड साथकाळातील महानगरपालिकेच्या जाहीर निवेदनांची चिकित्सा

गोषवारा

कोविड-१९ च्या साथीत बृहन्मुंबई महानगरपालिकेने रहिवाशांसाठी काढलेल्या जाहीर निवेदनांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ही निवेदने संख्येने विपुल होती. तरीही रहिवाशाला निर्णय घेण्यासाठी जे कळणे आवश्यक होते ते त्यांतून पुरेसे कळत नव्हते. या उणिवेचे मूळ केवळ प्रशासकीय घाईत नसून निवेदनामागील कायद्यात आणि त्या कायद्याने घडविलेल्या भाषिक सवयीत आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्याचबरोबर याच साथीत याच पालिकेने काही ठिकाणी निराळी रीत अवलंबिली, तिचीही दखल घेतली आहे.

बीजशब्द : जाहीर सूचना, माहितीचा अधिकार, साथरोग अधिनियम १८९७, स्थानिक स्वराज्य संस्था, प्रशासकीय मराठी

१. प्रास्ताविक

संसदेने २००५ साली संमत केलेल्या एकाच कायद्याला हिंदीत 'सूचना का अधिकार' म्हणतात, तर मराठीत 'माहितीचा अधिकार' म्हणतात. हा फरक वरवरचा नाही. हिंदीत 'सूचना' या शब्दाचा रूढ अर्थच माहिती असा आहे. मराठीत तसे नाही. सभेत एखादा सदस्य सूचना मांडतो, हा तिचा एक अर्थ. परंतु फलकावर लागलेली, कार्यालयाच्या सहीशिक्क्याने निघालेली सूचना ही वरून खाली येते आणि तिच्यात काय करावे व काय करू नये एवढेच असते. माहिती ही मागता येते, पडताळता येते, तिच्यावर प्रश्न विचारता येतो. सूचना पाळायची असते. मराठी भाषेने हा भेद इतका स्पष्ट राखला असताना महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या महानगरपालिकेच्या साथकाळातील निवेदनांत तो कितपत पाळला गेला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याजोगा विषय म्हणून नोंदविलेला आहे. साथीत केंद्राचे व राज्याचे आदेश रहिवाशापर्यंत पोचतात ते बहुधा पालिकेच्या माध्यमातून. म्हणूनच पालिकेचे निवेदन हा साथनियंत्रणाचा किरकोळ भाग नसून तो तिचा गाभाच मानावा लागतो. पालिकेने किती रुग्णालये उभारली, किती खाटा वाढविल्या, याचे मूल्यमापन अनेकांनी केले आहे. तिने रहिवाशांना काय सांगितले व कसे सांगितले, या अंगाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

२. कायद्यातील 'जाहीर सूचना'

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला. प्लेगच्या साथीत ब्रिटिश सरकारने अत्यंत घाईने केलेला हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. त्यातील दुसऱ्या कलमान्वये शासनाला जाहीर सूचनेद्वारे लोकांनी पाळावयाचे तात्पुरते नियम विहित करता येतात. तिसरे कलम शिक्षेचे आहे. नियम मोडणाऱ्यास २०२० मध्ये लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा होऊ शकत होती. चौथे कलम या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यांना संरक्षण देते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या कायद्यात 'जाहीर सूचना' आहे, पण तिचे प्रयोजन बंधन घालणे हे आहे, कळविणे हे नाही. साथ कोठे आहे, किती आहे, उपाय का योजले जात आहेत, हे लोकांना सांगण्याचे कोणतेही कर्तव्य कायदा शासनावर टाकीत नाही. २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. तिने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद केली, आणि ती आवश्यकही होती. परंतु माहिती देण्याच्या कर्तव्याचा प्रश्न त्या दुरुस्तीतही उपस्थित झाला नाही. उलट राज्याने १४ मार्च २०२० रोजी याच कायद्याखाली जे नियम केले, त्यांत साथीविषयीचा मजकूर प्रसृत करण्यावर, खातरजमेची व सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीची अट घालून, निर्बंध आणला. अफवांना आळा घालणे हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि एका बाजूने नागरिकाच्या बोलण्यावर अट आणि दुसऱ्या बाजूने शासनाच्या न बोलण्यावर कोणतीही अट नाही, अशी ही रचना झाली.

वास्तविक दुसरा एक कायदा त्याच वेळी अस्तित्वात होता. माहितीचा अधिकार अधिनियमाचे चौथे कलम सार्वजनिक प्राधिकरणांना असे सांगते की, लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यांसंबंधीची सर्व प्रस्तुत तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत. ही माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काचे सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा, असेही तेच कलम म्हणते. यासाठी कोणी अर्ज करण्याची आवश्यकता नाही. ते प्राधिकरणाने आपणहून करावयाचे कर्तव्य आहे. म्हणजे साथीच्या काळात पालिकेपुढे दोन आदर्श होते : १८९७ ची सूचना आणि २००५ ची माहिती. तिची बहुतांश निवेदने पहिल्या आदर्शाच्या छायेत लिहिली गेली, असे म्हणावे लागते.

३. प्लेगचा पूर्वानुभव

हा आदर्श नवा नव्हता आणि त्याचे परिणामही अज्ञात नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर लगेच ऑक्टोबरमध्ये पालिकेने रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचे व रुग्णालयात हलविण्याचे अधिकार सांगणारी अधिसूचना काढली. रुग्णालयात नेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे तिच्यातून कोणाला कळण्याजोगे नव्हते. जी जागा माहितीने भरावयाची ती अफवांनी भरली. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि पालिकेला आपले आदेश सौम्य करावे लागले. पुण्यात १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. त्यातून उसळलेला असंतोष आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर झाडण्यात आलेल्या गोळ्या हा इतिहास सर्वपरिचित आहे.

या इतिहासाचा अर्थ सामान्यतः 'सक्तीविरुद्धचा उद्रेक' असा लावला जातो. तो बरोबरच आहे. परंतु त्याला एक पुरवणी जोडावी लागेल. सक्ती असह्य झाली ती तिच्यामागील कारण लोकांच्या भाषेत, लोकांच्या विश्वासातील माणसांनी सांगितले नाही म्हणूनही. पुढे १८९८ पासून मुंबईत विविध समाजांतील प्रतिष्ठितांची मदत घेण्याकडे शासनाला वळावे लागले, ते याच अनुभवामुळे.

४. निवेदनांचे व्याकरण

कोविडकाळातील आदेशांची भाषा पाहू. 'करण्यात येत आहे', 'घेण्यात यावी', 'कारवाई करण्यात येईल' ही कर्माला पुढे करणारी वाक्यरचना प्रशासकीय मराठीत नेहमीचीच आहे. साथीत तिचा एक विशेष ठळकपणे जाणवतो. पालिका काही करते तेव्हा वाक्यातून कर्ता नाहीसा होतो. नागरिकाने काही करावयाचे असते तेव्हा मात्र 'नागरिकांनी' हा कर्ता वाक्याच्या आरंभी येतो. इमारत 'सील करण्यात आली आहे', परंतु 'रहिवाशांनी बाहेर पडू नये'. कोणी सील केली, कोणत्या निकषावर केली, केव्हा उघडेल आणि तोवर दूध, औषध, डायलिसिस यांसाठी कोणाला विचारावे, हे प्रश्न या वाक्यरचनेत बसतच नाहीत.

बदलांच्या बाबतीत हे अधिक जाणवते. साथीच्या आरंभी निरोगी व्यक्तीने मुखपट्टी वापरण्याची गरज नाही, असा अधिकृत सल्ला होता. ८ एप्रिल २०२० रोजी मुंबईत सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची झाली आणि उल्लंघनास कलम १८८ चा धाक दाखविण्यात आला. विज्ञानाचे ज्ञान बदलते, त्यानुसार सल्लाही बदलतो. यात गैर काहीच नाही. परंतु 'काल आम्ही असे सांगत होतो, आज असे सांगत आहोत, कारण मधल्या काळात हे कळले' हे वाक्य आदेशाच्या साच्यात लिहिता येत नाही. आदेशाला कालचा दिवस नसतो. परिणामी रहिवाशाला बदल हा ज्ञानाचा विकास न वाटता प्रशासनाची लहर वाटू लागतो, आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्याचे वजन कमी होते.

शब्दांचीही हीच कथा. 'अलगीकरण' व 'विलगीकरण' हे शब्द निवेदनांत व वृत्तपत्रांत अदलाबदलीने वापरले गेले. बाधिताला वेगळे ठेवणे आणि बाधित होण्याची शक्यता असलेल्याला वेगळे ठेवणे या दोन वैद्यकीयदृष्ट्या भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील फरक ज्याला कळावयास हवा त्याच्यापर्यंत तो निश्चित स्वरूपात पोचला नाही. 'सामाजिक अंतर' हा शब्दप्रयोग तर आपल्या समाजात विशेष जपून करावयास हवा होता. ज्या समाजाने माणसामाणसांतील अंतर शतकानुशतके जन्मावरून मोजले, तेथे हे शब्द निरागस राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' या अर्थाच्या शब्दाला पसंती दिली होती. आपल्याकडे जुना शब्द त्यानंतरही दीर्घकाळ फलकांवर राहिला.

राज्याच्या टाळेबंदी शिथिल करण्याच्या आदेशमालिकेचे नाव 'मिशन बिगीन अगेन' होते, एप्रिल २०२१ च्या निर्बंधांचे 'ब्रेक द चेन'. मूळ आदेश इंग्रजीत होते आणि त्यांच्या आधारे पालिकांचे आदेश निघत. एखाद्या दुकानदाराला आपले दुकान उद्या उघडावयाचे की नाही, हे कळण्यासाठी वृत्तपत्रातील भाषांतराची वाट पाहावी लागणे, ही अवस्था राजभाषेच्या दृष्टीने तर चिंत्य आहेच, परंतु साथनियंत्रणाच्या दृष्टीने ती अधिक चिंत्य आहे. याउलट सप्टेंबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' हे नाव सहज समजणारे होते. मात्र त्याही नावात जबाबदारीची दिशा एकच आहे, हे नजरेआड करता येत नाही.

५. आकडा, शिक्का आणि दारावरचा कागद

पालिकेच्या दैनंदिन पत्रकात नवे रुग्ण, बरे झालेले रुग्ण, मृत्यू, एकूण चाचण्या, रुग्णदुपटीचा काळ असे आकडे असत. या नियमिततेचे श्रेय पालिकेला द्यावयास हवे. परंतु आकडा म्हणजे माहिती नव्हे. आकडा कशाचा आहे हे कळले तरच तो माहिती होतो. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या मृत्युसंख्येत पूर्वी न नोंदविलेल्या १,३२८ मृत्यूंची भर पडली. त्यांतील ८६२ मृत्यू मुंबईतील होते. नोंदींची फेरतपासणी करून चूक दुरुस्त केली गेली, हे योग्यच झाले. परंतु त्याआधीच्या आठवड्यांत रोजचा आकडा अपुरा असू शकतो, हे पत्रकातून रहिवाशाला उमगण्याजोगे नव्हते.

जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रक्तद्रव सर्वेक्षणाने हीच बाब वेगळ्या बाजूने दाखविली. शहरातील तीन विभागांत झालेल्या या पाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के व अन्य वस्तीतील सुमारे १६ टक्के व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे आढळली. याचा अर्थ पत्रकातील रुग्णसंख्या ही प्रत्यक्ष संसर्गाची नव्हे, तर चाचणीतून सापडलेल्या संसर्गाची संख्या होती. हे निष्कर्ष जाहीर करण्यात पालिका सहभागी होती, ही तिच्या कारभारातील माहितीधर्मी वृत्तीची खूण होय. रोजच्या पत्रकाच्या तळाशी तोच खुलासा एका ओळीत दिला असता, तर आकडा वाचण्याची दृष्टी लोकांना मिळाली असती.

आकड्यापेक्षा अधिक जवळची सूचना म्हणजे अंगावरचा शिक्का आणि दारावरचा कागद. मार्च २०२० मध्ये घरीच वेगळे राहावयास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर, निवडणुकीत वापरतात तशा न पुसणाऱ्या शाईने शिक्का मारण्याचा निर्णय झाला. मुंबईतील शिक्क्यावर मुंबईकरांच्या रक्षणाचा अभिमान व्यक्त करणारा इंग्रजी मजकूर होता. शब्द अभिमानाचे असले तरी शिक्क्याचे काम ओळख पटविण्याचे होते आणि आजूबाजूचे लोक त्याचा तोच अर्थ लावणार हे उघड होते. रुग्णांच्या घरांबाहेर फलक लावण्याच्या देशभरातील प्रथेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी असा निर्णय दिला की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याने विशिष्ट निर्देश दिल्याखेरीज असे फलक लावू नयेत. ज्या सूचनेने शेजाऱ्याला सावध करावयाचे तिने रुग्णाला वाळीत टाकण्याची सोय केली, हा त्या वादाचा गाभा होता.

माहितीचा मालक कोण, हा प्रश्न जून २०२० मध्ये थेटच उभा राहिला. खासगी प्रयोगशाळांनी बाधित असल्याचा अहवाल रुग्णाला न देता आधी पालिकेला द्यावा, असा आदेश पालिकेने काढला. लक्षणे नसलेल्यांची खाटांसाठी होणारी धावपळ टाळणे, हा त्यामागील युक्तिवाद होता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अहवाल रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना मिळाला पाहिजे, असे स्पष्ट केले. आपल्याच शरीराविषयीचे सत्य आपल्याआधी कार्यालयाला कळावे, ही कल्पना ज्या प्रशासनाला स्वाभाविक वाटते, त्याच्या मनात रहिवासी हा माहितीचा हक्कदार नसून व्यवस्थापनाचा विषय असतो.

६. निराळी रीत : प्रभाग आणि धारावी

येथवरचे विवेचन एकांगी वाटू नये यासाठी दुसरी बाजू पाहणे अगत्याचे आहे. आरंभी खाटांसाठीची विचारणा १९१६ या मध्यवर्ती क्रमांकावर एकवटली होती. जून २०२० मध्ये ती विकेंद्रित करून पालिकेच्या २४ प्रशासकीय विभागांत स्वतंत्र नियंत्रण कक्ष स्थापन करण्यात आले. या 'वॉर रूम'चे नाव युद्धाचे असले तरी काम संवादाचे होते. रहिवासी विचारतो आणि त्याच्या विभागाची माहिती असलेली व्यक्ती उत्तर देते, हा क्रम येथे प्रथमच पद्धत म्हणून स्वीकारला गेला. दुसऱ्या लाटेत मुंबईची व्यवस्था अन्य महानगरांच्या तुलनेत टिकून राहिली, त्यात या बदलाचा वाटा मोठा आहे. मे २०२१ मध्ये प्राणवायूच्या व्यवस्थापनासंदर्भात सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या कामाचा आदराने उल्लेख केला.

धारावीचे उदाहरण याहून बोलके आहे. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसांची वस्ती, एका खोलीत सबंध कुटुंब आणि बहुसंख्यांसाठी सामुदायिक शौचालये. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनेत घरी वेगळे राहणाऱ्याने हवेशीर स्वतंत्र खोलीत, शक्यतो जोडून शौचालय असलेल्या खोलीत राहावे, असे म्हटले होते. धारावीत ही सूचना वाचून दाखविणे म्हणजे काहीच न सांगणे होते. पालिकेच्या जी-उत्तर विभागाने ती तशीच पुढे ढकलली नाही. लोकांना वेगळे ठेवण्यासाठी शाळा, सभागृहे व क्रीडासंकुल ताब्यात घेतले, स्थानिक खासगी डॉक्टरांना तपासणीत सामील करून घेतले, ताप तपासणी वस्तीत नेली, शौचालये वारंवार निर्जंतुक केली. ज्या डॉक्टरकडे कुटुंब वर्षानुवर्षे जात होते, तोच दारात येऊन 'तपासून घ्या' म्हणतो तेव्हा ती सूचना राहत नाही. प्रश्न विचारता येण्याजोगी माहिती होते. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचा उल्लेख केला तो वस्तीच्या सहभागाच्या संदर्भातच. धारावीतील घट अंशतः आधीच पसरलेल्या संसर्गामुळे झाली असावी, असा आक्षेप सर्वेक्षणाच्या आधारे घेता येतो व तो रास्तही आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा मुद्दा घटीच्या श्रेयाचा नाही. सूचना जेथे लागूच पडत नाही तेथे तिचे काय करावे, याचा वस्तुपाठ धारावीने दिला, हा आहे.

२०२१ च्या लसीकरणात पालिका दुसऱ्या दिवशी कोणती केंद्रे चालू राहतील याची यादी समाजमाध्यमांवर देत असे. लस शिल्लक नसेल तर तसेही कळविले जाई. उणीव मान्य करणारे हे निवेदन साधे होते, आणि रहिवाशाला त्यावरून आपला दिवस ठरविता येत होता. ज्याच्यापाशी स्मार्टफोन नव्हता त्याचे काय, हा प्रश्न मात्र राहिलाच. 'त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन' हे २००५ च्या कायद्यातील शब्द येथे पुन्हा आठवतात.

७. दोन आक्षेप

एक आक्षेप असा की, साथ ही आपत्ती असते आणि आपत्तीत चर्चा नव्हे, आदेश हवा. हे अंशतः खरे आहे. पूर आला असता 'पूल बंद आहे' एवढे पुरते. परंतु पूर काही तासांत ओसरतो. साथ वर्षानुवर्षे चालली. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे घोषित केले ते ५ मे २०२३ रोजी. इतका काळ केवळ धाकाने पालन टिकत नाही. ते समजुतीने टिकते.

दुसरा आक्षेप असा की, अधिक माहिती दिल्यास घबराट पसरते व रुग्णांची गोपनीयता भंगते. गोपनीयतेचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो व्यक्तीच्या नावास लागू आहे, निर्णयाच्या कारणास नाही. शिवाय ज्या व्यवस्थेने हातावर शिक्के मारले, तिला गोपनीयतेचा आधार अखेरपर्यंत घेता येणार नाही. घबराटीविषयी १८९६ चा अनुभव पुरेसा आहे : ती माहितीने नव्हे, माहितीच्या अभावाने पसरली होती.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, पालिकेच्या निवेदनांतील उणीव ही व्यक्तींच्या अनास्थेची नव्हती. त्याच पालिकेने, त्याच काळात, जेथे रहिवाशाशी प्रत्यक्ष गाठ पडली तेथे चांगला संवाद साधला. उणीव साच्याची होती. तो साचा १८९७ च्या कायद्याने दिला आणि प्रशासकीय मराठीने विनातक्रार वाहिला.

साथकाळातील कोणत्याही स्थानिक निवेदनाने किमान सहा गोष्टी सांगाव्यात. निर्णय कोणी घेतला. तो कोणत्या भागाला, कधीपासून कधीपर्यंत लागू आहे. त्याचे कारण काय. आधीच्या निवेदनापेक्षा यात काय बदलले. ज्याला तो पाळणे शक्य नाही त्याने काय करावे. आणि दाद कोठे मागावी. यांतील पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण एका खोलीत राहणाऱ्या माणसाची दखल तेथेच घेतली जाते. साथरोग कायद्यात पुढे केव्हाही बदल झाला तर 'जाहीर सूचना' या शब्दांच्या शेजारी कारणे व तथ्ये देण्याचे कर्तव्य नमूद होणे आवश्यक आहे. त्यासाठी नवे तत्त्व शोधण्याची गरज नाही. ते २००५ पासून आपल्या कायद्यात आहे.

या कामात महाविद्यालयांचाही वाटा आहे. व्यावहारिक मराठीच्या वर्गात सूचनालेखन हा घटक शिकविताना आपण शीर्षक, दिनांक, मजकूर व स्वाक्षरी यांच्या जागा शिकवितो. वाचणाऱ्याला जे विचारावेसे वाटेल त्याचे उत्तर मजकुरात आहे काय, ही कसोटी मात्र क्वचितच लावली जाते. आज वर्गात बसणारा विद्यार्थी उद्या एखाद्या नगरपरिषदेच्या किंवा प्रभाग कार्यालयाच्या टेबलाशी बसेल आणि पुढच्या साथीत पहिले पत्रक कदाचित त्यालाच लिहावे लागेल. २०२०-२१ मधील आपापल्या गावच्या पालिकांची पत्रके जमवून ती अभ्यासाचे साहित्य म्हणून वर्गात ठेवणे आजही शक्य आहे. काही वर्षांनी ही पत्रके सापडणार नाहीत.